वृद्धाश्रमात कसलं आलंय नर्सिंग?

मागच्या महिन्यात मावसभावाचा साखरपुडा होता. नाईट संपवून, घरी येऊन आंघोळ उरकून, डोळ्यांवर झापड घेऊनच मी हॉलवर पोचले. ताटं हातात घेऊन सगळे रांगेत उभे होतो. मामा म्हणाले, "काय गं, हल्ली कुठे असतेस?" मी सांगितलं, असिस्टेड लिव्हिंगमध्ये आहे, कुर्ल्याला गाडी बदलून जावं लागतं. मामा म्हणाले, "म्हणजे वृद्धाश्रमच ना? तिथे कसलं आलंय नर्सिंग? हॉस्पिटलात नाही का मिळाली नोकरी?"

मामा काही वाईट मनाने बोलले नाहीत. पुढे त्यांनीच माझ्या ताटात जिलबी वाढली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या दिवशी उत्तर सुचलं नाही (मला उत्तरं नेहमी परतीच्या गाडीत सुचतात). म्हणून आज सवडीने लिहितेय. जरा इतिहासात शिरावं लागेल, कारण मामांचा प्रश्न एकट्या मामांचा नाही, चांगला दीडशे वर्षं जुना आहे. आणि लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

आधी आमच्या जागेबद्दल. हे हॉस्पिटल नाही आणि घरही नाही. इथे राहणाऱ्या आजी-आजोबांना स्वतःची खोली आहे, खोलीत त्यांचंच कपाट, त्यांचाच देव्हारा, नवऱ्याचा किंवा बायकोचा हार घातलेला फोटो. ज्यांना एकट्याने सगळं जमत नाही, पण ज्यांना हॉस्पिटलात ठेवण्यासारखंही काही नाही, अशी माणसं. कुणाला अर्धांगवायू, कुणाला विसरण्याचा आजार, कुणाचं खुब्याचं हाड मोडून जोडलेलं. सिस्टर म्हणजे मी. गोळ्या, इन्सुलिन, बीपी, शुगर, कॅथेटर, ड्रेसिंग, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना फोन आणि हँडओव्हरचं रजिस्टर. आंघोळ, कपडे, डायपर, भरवणं, कूस बदलणं हे सगळं मावशी करतात. मावशी म्हणजे ज्यांना पूर्वी आया म्हणायचे त्या. 'आया' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. साहेबाच्या घरातली पोरं सांभाळणारी बाई म्हणजे आया. पुढे हॉस्पिटलातही तेच नाव चिकटलं.

तर नर्सिंग.

आम्हाला पहिल्या वर्षाला फ्लोरेन्स नाइटिंगेल शिकवतात. दिवा, क्रिमियाचं युद्ध, १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झालेली नर्सिंगची शाळा. परीक्षेत पाच मार्कांना हमखास यायची. पण तिचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक मी खूप वर्षांनी, नोकरी लागल्यावर वाचलं. वाचून चाटच पडले. ते पुस्तक नर्सेससाठी लिहिलेलंच नाही! ते घरात आजारी माणसाचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी आहे, आणि असं ती सुरुवातीलाच सांगते. खोलीत हवा खेळती ठेवा, उजेड येऊ द्या, आजाऱ्यासमोर कुजबुजू नका, जेवण वेळेवर द्या, असल्या गोष्टी. आणि एक वाक्य असं आहे की ते मनात रुतून बसलं. त्याचा अर्थ असा, की रोग्याला बेडसोअर झाला तर तो दोष बहुतेक वेळा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या मुंबईत सर जे. जे. हॉस्पिटल १८४५ साली सुरू झालं. बायकांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ साली. शिकून तयार झालेल्या नर्सेस हव्यात हा विचार इथे रुजला तो १८८० च्या दशकात. तोवर वॉर्डात काम करणारे वॉर्डबॉय आणि आया होते, पण त्यांना कुणी शिकवत नव्हतं. शिकवायला विलायतेतून सिस्टर आल्या आणि शिकायला बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिश्चन मुली आल्या. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत नावाची बाई नर्सिंग शिकायला आली. शिकायला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून आमच्या पुस्तकात तिच्यावर एक ओळ होती. एकच ओळ. आम्ही ती रिकाम्या जागा भरा मध्ये पाठ केली होती.

मला त्या एका ओळीचं आता फार कौतुक वाटतं. १८९१ मधली मराठी बाई. दुसऱ्याच्या जखमा धुवायच्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाच्या तरी मलमूत्राचं भांडं उचलायचं. आपल्याकडे या प्रत्येक गोष्टीला जात चिकटलेली. हे काम 'त्यांचं', हे 'यांचं'. त्यात ती जाऊन उभी राहिली.

पुढची पायरी म्हणजे सेवासदन. १९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं. (गंमत बघा, गिडुमलांनी मलबारींचं जे चरित्र लिहिलं त्याला प्रस्तावना होती नाइटिंगेलबाईंची! ती बाई कधी हिंदुस्थानात आली नाही, पण इथल्या पाणी, गटारं, बाळंतपणं यावर तिने आयुष्यभर कागद काळे केले.) १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं, गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. रमाबाईंनी तरुण विधवांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. ज्या बाईचं तोंड सकाळी दिसलं तर अपशकुन मानायचे, तिला पांढरा युनिफॉर्म घालून वॉर्डात उभं केलं. हे लिहायला सोपं आहे. त्या काळात एका घराला 'हो' म्हणायला लावताना काय झालं असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

मग १९३५ साली मुंबई इलाख्यात नर्सेस, मिडवाइव्ज आणि हेल्थ व्हिजिटर्स यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आणि १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा नर्सेस अ‍ॅक्ट. म्हणजे आता तुम्ही नर्स आहात की नाही हे रजिस्टर सांगणार. माझंही नाव त्या रजिस्टरमध्ये आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, ते लपवत नाही. आई-बाबांनी पोटाला चिमटा काढून मला जीएनएम करायला पाठवलं होतं.

पण या सगळ्या इतिहासात म्हातारं माणूस कुठे आहे? मी शोधत होते. कुठेच नाही हो. हॉस्पिटल होतं ते बरं होणाऱ्यासाठी. ऑपरेशन, बाळंतपण, प्लेग, कॉलरा. रोगी एक तर बरा होऊन घरी जाणार, नाही तर जाणार. दहा वर्षं अंथरुणावर राहणार, बरा होणार नाही आणि मरणारही नाही, असा माणूस नर्सिंगच्या हिशोबातच नव्हता. तो घरचा मामला. सून, लेक, विधवा बहीण, जी कुणी असेल ती. तिला शिक्षण नाही, पगार नाही, रजिस्टर तर नाहीच नाही.

आणि ज्याला घरच नाही त्याचं काय? पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी आश्रयस्थान निघालं. नवी पेठेतला 'निवारा' तो हाच. मुंबईत महालक्ष्मीला डॉ. ई. मोझेस रोडवर आनंद निकेतन आहे, तिथेही अशी माणसं. बाकीच्यांसाठी रस्ता होता आणि रस्त्यावर कायदा होता. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांना ठेवायची एक जागा आमच्या गोवंडीच्या शेजारी, चेंबूरला. म्हणजे म्हातारा, पंगू, निराधार माणूस हा एक तर दयेचा विषय, नाही तर पोलिसांचा. नर्सिंगचा नाही. मामांच्या प्रश्नाचं मूळ मला इथे सापडलं. मामांच्या डोळ्यांसमोर तो आश्रम आहे.

आता जरा लांब जाऊ या, अमेरिकेत. 'असिस्टेड लिव्हिंग' हा शब्द तिथलाच. आणि ती गोष्ट मला कळली ती एका मराठी वंशाच्या माणसाच्या पुस्तकातून. डॉ. अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल', २०१४ साली आलं. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. तिथून शिकून अमेरिकेत गेले. अतुल गवांदे यांनी पुस्तकात आपल्या आजोबांबद्दल, सीताराम गवांदे यांच्याबद्दल लिहिलंय. शेतकरी माणूस, शंभरी ओलांडलेला, तरी घोड्यावर बसून शेतावर फेरी मारणारा. लागेल तिथे हात द्यायला भोवती सगळं घर. नातू म्हणतो की हेच आजोबा अमेरिकेत असते तर त्यांना नर्सिंग होममध्ये टाकलं असतं. खरं आहे. पण मी नर्स, त्यामुळे ते पान वाचताना मला घोड्यापेक्षा दुसरंच दिसायला लागलं. पहाटे पाणी कोण तापवत असेल? धोतर कोण धूत असेल? त्या घरातल्या बायकाच ना. त्यांची नावं कुणी विचारत नाही.

याच पुस्तकात केरन ब्राऊन विल्सन या बाईची गोष्ट आहे. तिच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी स्ट्रोक आला आणि पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये काढावी लागली. आईला हवं होतं काय? स्वतःची खोली, स्वतःचं दार, दाराला आतून कडी, स्वतःच्या वस्तू. मुलीने शिकून-सवरून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगन राज्यात पोर्टलंडला तशी जागा उभी केली. तिथे राहणारे पेशंट नव्हते, भाडेकरू होते. दार त्यांचं, आत यायचं तर टकटक करून. लोक म्हणाले, हे धोक्याचं आहे, म्हातारी माणसं पडतील, जळतील. पण माणसं तिथे जास्त समाधानी राहिली आणि तब्येतीही बिघडल्या नाहीत.

मी रोज दार वाजवून आत जाते. दारावर टकटक करणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, आणि तो एका मुलीने आपल्या आईसाठी शोधून काढलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता येते गोवंडीवर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना गोवंडी म्हटलं की देवनारचं डंपिंग ग्राउंड आठवतं, नाही तर कत्तलखाना. नातेवाईक तर सरळ म्हणतात, "तिकडे काय यायचं बाई!" महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग सगळ्या मुंबईत तळाला होता, हेही खरं. पण गोवंडी स्टेशन रोडवर एक मोठी संस्था आहे, येता-जाता तिची पाटी दिसते. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस. १९५६ साली लोकसंख्येचा अभ्यास शिकवायला ती सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त माणसांना घरी जाऊन भेटून एक मोठी पाहणी केली. 'लासी' म्हणतात तिला. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. म्हणजे आख्ख्या भारतातल्या म्हाताऱ्यांचा हिशोब कुठे मांडला जातो? तर आमच्या गोवंडीत!

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे लोक होते १० कोटी ३८ लाख. अंदाज असा की २०५० पर्यंत ते ३१ कोटी ९० लाखांच्या आसपास जातील. आकडे वाचून डोकं गरगरतं, म्हणून मी एकच गोष्ट सांगते. या पाहणीत म्हाताऱ्या माणसांना विचारलं होतं की तुम्हाला रोजची साधी कामं करताना अडचण येते का? साठीवरच्या साधारण चारातल्या एकाला निदान एक तरी काम अडत होतं.

ही 'साधी कामं' म्हणजे आमच्या धंद्याची बाराखडी. १९६३ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या आणि इतर म्हाताऱ्या रोग्यांकडे बघून एक यादी मांडली. सहा कामं. आंघोळ करणं, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा असणं आणि हाताने जेवणं. त्यांच्या लक्षात आलं की ही कामं साधारण ठरावीक क्रमाने सुटत जातात. पहिली सुटते ती आंघोळ. शेवटपर्यंत टिकतं ते जेवण. आणि लहान मूल ती शिकतं नेमकी उलट्या क्रमाने. बाळ आधी घास तोंडात घालायला शिकतं, आपली आपण आंघोळ करायला सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे नवीन आजी किंवा आजोबा आले की मी पहिल्या दिवशी हीच सहा कामं तपासते आणि कागदावर खुणा करते. या खुणांवरून कुणाला किती मावशी लागणार हे ठरतं, पैसे ठरतात. बघा हं, आता गंमत अशी की ही सहाच्या सहा कामं करतात मावशी. ज्या यादीवर आमची आख्खी इमारत उभी आहे, त्या यादीतलं एकही काम माझ्या रजिस्टर्ड हातांनी रोज होत नाही. मी फक्त लिहिते.

आणि या मावशी येतात कुठून? बऱ्याच जणी आमच्याच भागातून. शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द. ब्युरोतर्फे येतात, बारा तासांची ड्यूटी. पहाटेच्या हार्बरच्या लेडीज डब्यात बसलात तर दिसतील, पिशवीत डबा आणि साडीवर घालायचा एप्रन. रुळांच्या एका बाजूला म्हाताऱ्यांची मोजदाद करणारी संस्था आणि दुसऱ्या बाजूला त्यांना आंघोळ घालणाऱ्या बायका. मध्ये स्टेशन. मी याच दुसऱ्या बाजूला वाढले. माझी आई आयाच होती. सव्वीस वर्षं.

एक गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय मुंबईतल्या नर्सने हा इतिहास पुरा करू नये. परळचं केईएम, वॉर्ड नंबर चार. अरुणा शानबाग आमच्यातलीच, केईएमची नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन ती पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाही. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. १८ मे २०१५ रोजी ती गेली. जवळजवळ ४२ वर्षं तिच्या हॉस्पिटलातल्या माणसांनी तिला सांभाळलं. हल्ला झाला तेव्हा ज्या जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनी तिचं केलं. तिला दयामरण द्यावं या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलायचा हक्क तिला रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा आहे, असं न्यायालयाने मानलं. त्या निकालावर वाद झाले, अजूनही होतात, त्यात मी शिरत नाही. पण निकालपत्रात एक साधा उल्लेख आहे, की इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही तिला एकही बेडसोअर झाला नाही.

ज्याने कधी कुणाची कूस बदलली नाही त्याला हे वाक्य कळणार नाही. दर दोन तासांनी, दिवसा-रात्री, दिवाळीला, संपाच्या दिवशी, पाणी तुंबलेल्या दिवशी कुणीतरी तिला कुशीवर वळवलं, पाठ बघितली, कोरडी केली. बरं होणार नाही हे माहीत असताना. मामा, नर्सिंग ते हेच. बरं करणं हे डॉक्टरांचं आणि देवाचं. माणूस बरं होणार नसेल तेव्हा जे उरतं, ते सगळं आमचं.

आता ते शेवटचं कारण.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी काम करत होते. तिथे एक आजी होत्या, अर्धांगवायू झालेल्या, बोलणं गेलेलं. सकाळी सात वाजता हँडओव्हरच्या गडबडीत रात्रीच्या मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, आजी डाव्या कुशीवर राहीनात. कण्हतायत. जरा बघा ना." मी म्हटलं, "हो मावशी, बघते." बीपी बघितलं, ताप बघितला, सगळं नॉर्मल. रजिस्टरमध्ये नॉर्मल लिहिलं. 'दर दोन तासांनी कूस बदलली' हेही लिहिलं, रोज लिहितो तसं, आणि खाली सही केली. कूस उघडून बघितली नाही. गाडी पकडायची होती.

तिसऱ्या दिवशी खुब्यावरची कातडी फुटली. बेडसोअर. नातेवाईक आले, चिडले, चिडणारच. रजिस्टर मागवलं. रजिस्टर चोख होतं. मग चूक कुणाची? जिचं नाव रजिस्टरमध्ये कुठेच नव्हतं तिची. मावशींना त्याच संध्याकाळी ब्युरोला परत पाठवलं. मी तिथेच उभी होते. त्या बोलल्या नाहीत, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. मीही बोलले नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, समजूत घालेल. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काम आमचं, सही तुमची. आमच्या वेळेलाही असंच होतं."

'तुमची' म्हणाली. मला. जिच्या पगारातून मी सिस्टर झाले तिने.

दोन दिवसांनी मी ऑफिसात जाऊन सांगितलं की मावशींनी मला सांगितलं होतं, चूक माझी. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून काही घेतलं नाही. मावशी तोवर दुसरीकडे लागल्या होत्या. ब्युरोकडून नंबर मिळवून फोन केला, तर म्हणाल्या, "जाऊ द्या सिस्टर. आजींची जखम भरली का?" आधी हे विचारलं त्यांनी. जखम भरत आली होती, तसं सांगितलं.

आता जिथे आहे तिथे मी हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये पट्टीने एक रकाना आखलाय. त्यात मावशींचं नाव लिहिते आणि त्यांनी रात्री काय बघितलं ते त्यांच्याच शब्दांत. 'आजोबा आज चहा अर्धा ठेवतात.' 'आजींना डावी चप्पल सापडेना, तीच तीन वेळा विचारतात.' सुरुवातीला सगळ्या हसल्या. आता सांगायला थांबतात. एकदा अशा एका ओळीवरून लघवीचं इन्फेक्शन ताप येण्याआधी कळलं. फार मोठं काही केलं असं म्हणत नाही. पट्टीने मारलेली एक रेघ आहे. पण काशीबाई गणपत यांच्या वाट्याला निदान एक ओळ आली. माझ्या आईच्या सव्वीस वर्षांना एकही नाही.

आई आता चौऱ्याहत्तरची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला एकटीने आंघोळ जमत नाही. यादीतलं पहिलं काम. मी घरी तसा कागद भरला नाही, पण डोक्यात खूण झालीच. मी ड्यूटीवर असते तेव्हा वहिनी करते. नाईटला जायच्या आधी मी. परवा मी पुस्तकात शिकवलंय तसं आधी तोंड पुसायला घेतलं, तर म्हणाली, "आधी पायावर पाणी घाल गं. पायाला कळलं की अंगाला कळतं. मग माणूस दचकत नाही."

सव्वीस वर्षांत तिने किती जणांच्या पायांवर आधी पाणी घातलं असेल! हे कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून इथे लिहून ठेवतेय.

तर मामा, असं असतं तिथलं नर्सिंग. एकदा या बघायला. दार मात्र वाजवून आत या.

असो. आज नाईट आहे. पावणेसातची गाडी.